'चेरी मॅजिक': आधी जपानी, मग थाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थाई बॉइज लव्ह मालिकांच्या जपानी आवृत्त्यांवर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आस्थेने वाचला. पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमकथांच्या या प्रकाराला मराठी दैनिकात अर्धे पान मिळावे, आणि तेही नाक न मुरडता, याचे समाधान आधी नोंदवते. मात्र त्या लेखात एक चूक आहे आणि ती नजरचूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण लेखाचा सगळा निष्कर्ष तिच्यावरच उभा आहे.

'लव्ह इन द एअर'च्या जोडीला लेखकाने 'चेरी मॅजिक'चे उदाहरण घेतले आहे आणि थाई मालिकेने मोकळेपणाने दाखवलेली चुंबने जपानी आवृत्तीने 'गाळली', असे म्हटले आहे. 'लव्ह इन द एअर'बाबत क्रम बरोबर आहे. थाई मालिका २०२२ची आणि तिची जपानी आवृत्ती २०२५ची. 'चेरी मॅजिक'चा क्रम मात्र नेमका उलटा आहे. यू तोयोता यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१८पासूनची. तिच्यावरची जपानी मालिका टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या काळात दाखवली गेली, आणि थाई मालिका डिसेंबर २०२३मध्ये सुरू झाली. तीन वर्षांनी जन्माला येणाऱ्या मालिकेतले प्रसंग आधीच्या मालिकेने गाळावेत तरी कसे? एकदा हा क्रम सरळ केला की 'जपान्यांनी काय कमी केले' हा प्रश्नच उरत नाही. थायलंडने काय वाढवले, कशासाठी वाढवले आणि त्याने कथेचे काय झाले, हे पाहावे लागते, आणि माझ्या मते हा प्रश्न अधिक रंजक आहे.

ज्यांनी यातली एकही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. तिशीपर्यंत ज्याचा कोणाशीही शरीरसंबंध आला नाही तो पुरुष जादूगार होतो, अशी जपानी इंटरनेटवरची एक जुनी थट्टा आहे. लेखनसाहित्याच्या कंपनीत काम करणारा, स्वतःला कोणाच्या खिजगणतीत न धरणारा आदाची तिसाव्या वाढदिवशी उठतो, तेव्हा ज्याला स्पर्श होईल त्याच्या मनातले त्याला ऐकू येऊ लागते. ऑफिसच्या खच्चून भरलेल्या लिफ्टमध्ये विक्री विभागातला देखणा, कर्तबगार कुरोसावा त्याला चिकटून उभा राहतो आणि त्याच्या मनात आपल्याबद्दल काय चालले आहे, ते आदाचीला कळून चुकते. बारा भागांची कथा या एका धक्क्यातून निघते. थाई मालिकेत आदाचीचा आची होतो आणि कुरोसावाचा करण (मराठी कानाला हे नाव ऐकून क्षणभर गंमत वाटते खरी), पण हा धक्का तोच राहतो. जपानी थट्टा थाई प्रेक्षकाला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थाई शीर्षकात 'तीस, तरी अजून कोरा' अशा अर्थाचे शब्द सरळच घातले आहेत.

आता लेखकाने ज्या चुंबनावर सगळा भार टाकला आहे, त्याकडे वळते. जपानी मालिकेच्या शेवटच्या भागात, नाताळच्या रात्री, दुरावलेले हे दोघे इमारतीच्या गच्चीवर पुन्हा भेटतात. मित्रांनी खटपट करून उडवलेली आतषबाजी होते, कबुल्या होतात. आणि मग, सगळे जुळल्यावर, दोघे लिफ्टमध्ये चढतात, एकमेकांकडे झुकतात, आणि दार बंद होते. आपल्याला दिसते ते फक्त बंद दार. हे पाहून अनेक चाहते चिडले होते, आणि मीही त्या रात्री चरफडले होते हे कबूल करते. वाहिनीला धैर्य झाले नाही, असाच माझाही पहिला ग्रह झाला होता.

पुढे कधीतरी पहिला भाग पुन्हा पाहिला, तेव्हा ध्यानात आले की मालिका सुरूही लिफ्टमध्येच झाली होती. तिथे गर्दी होती, दोघांच्या मध्ये बोटभरही जागा नव्हती, आणि आदाचीच्या जोडीने आपल्यालाही कुरोसावाच्या मनात शिरकाव मिळाला होता. पुढे शेवटपर्यंत आपण त्या माणसाचे मन त्याच्या नकळत ऐकत बसलो. शेवटी आदाची ती विद्या सोडून द्यायला तयार होतो, कारण समोरच्याचे मन चोरून ऐकण्यापेक्षा त्याला विचारणे त्याला जमू लागलेले असते. त्या क्षणी लिफ्टमध्ये दोघेच आहेत, आणि दार आपल्या तोंडावर बंद होते. आदाचीने जो अधिकार सोडला, तोच प्रेक्षकाकडूनही काढून घेतला आहे. दिग्दर्शकाच्या मनात हेच होते असा माझा दावा नाही, वाहिनीचा संकोचही त्यात असू शकेल. पण पडद्यावर जे आहे त्याचा हा अर्थ निघतो, आणि 'गाळले' या शब्दाच्या चिमटीत तो मावत नाही.

संकोच हाच या कथेचा विषय असल्याचे आणखी एक उदाहरण तिसऱ्या भागात आहे. ऑफिसच्या मेजवानीत चिठ्ठ्यांचा खेळ रंगतो आणि कुरोसावाने आदाचीचे चुंबन घ्यावे, असा हुकूम निघतो. भोवती बसलेले सहकारी चेकाळलेले आहेत, आदाची अवघडून बसला आहे, आणि ज्या क्षणाची कुरोसावाने वर्षानुवर्षे वाट पाहिली असेल, तो क्षण त्याच्या पुढ्यात असा हसण्यावारी येऊन पडला आहे. तो वाकतो आणि ओठ आदाचीच्या कपाळाला लावून बाजूला होतो. आदाचीची भीती ओळखायला त्याला कोणत्याही जादूची गरज पडलेली नाही. आता हा प्रसंग 'कमी धीट' म्हणायचा की काय म्हणायचे, ते लेखकाने ठरवावे. चुंबनांची संख्या मोजणाऱ्या तक्त्यात त्याला अर्धा गुण मिळेल फार तर.

थाई मालिकेत चुंबन आहे, स्पष्ट आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण ते तिथे का आहे, हे समजून घ्यायचे तर 'थाई लोक मोकळे, जपानी लोक मिटलेले' या ठोकळ्याने काम भागत नाही. (होन्ने आणि तातेमाए, म्हणजे मनातले आणि जनातले, ही जपानी शब्दांची जोडी तर आता अशा प्रत्येक लेखात आमटीत मीठ टाकावे तशी टाकली जाते.) दोन्ही मालिका कोणत्या वेळेला, किती मिनिटांच्या, कोणाला घेऊन आणि कोणाच्या पैशावर बनल्या, ही साधी चौकशी आधी करावी.

जपानी मालिका गुरुवारी मध्यरात्र उलटल्यावर दाखवली जात असे. तिथल्या वाहिन्या त्या वेळेला, म्हणजे रात्रीच्या एकला, 'पंचवीस वाजता' म्हणतात आणि त्या पट्टीच्या नावातच तो आकडा होता. अर्ध्या तासाची जागा, त्यातच जाहिराती. अशा भागात एक प्रसंग, एक अडचण आणि एक पाऊल पुढे, एवढेच बसते, आणि लेखनाची शिस्त त्यातूनच येते. थाई मालिकेचे भागही बाराच, पण प्रत्येक भाग जवळजवळ दुप्पट लांबीचा. हा वाढीव वेळ भरायचा कशाने? थाई लेखकांनी तो दुय्यम जोड्यांना दिला. जपानी मालिकेत आदाचीचा कादंबरीकार मित्र त्सुगे आणि सामान पोचवणारा तरुण मिनातो यांची कथा बाजूने चालते. थाई मालिकेत तिला प्रशस्त जागा मिळते, आणि ऑफिसातल्या आणखी दोघांचेही एक उपकथानक उभे राहते. विनोदही अधिक मोठ्याने केलेला आहे. करणच्या मनातले मनोरथ जेवढे फुगतात तेवढे कुरोसावाचे फुगत नाहीत. मधल्या भागांत त्यामुळे थाई मालिका रेंगाळते, असे माझे मत आहे. पण उलट बाजूही सांगायला हवी. जपानी मालिकेच्या अखेरच्या दोन भागांत आदाची आपली विद्या उघड करतो, दोघे दुरावतात आणि पुन्हा एकत्र येतात, हे सगळे इतक्या घाईत उरकले आहे की दुरावा पटतच नाही. थाई मालिकेपाशी तिथे वेळ आहे आणि तो तिने वापरला आहे. शेवटाच्या बाबतीत मी थाई मालिकेला झुकते माप देईन, आणि सुरुवातीच्या बाबतीत जपानीला.

त्याहून मोठा फरक नटांचा आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. आदाची झालेले एइजी आकासो आणि कुरोसावा झालेले केइता माचिदा ही प्रेक्षकांच्या डोक्यात आधीपासून बसलेली जोडी नव्हती. आची झालेले न्यू थितिपूम आणि करण झालेले टे तावान यांची गोष्ट अगदी वेगळी. थायलंडमध्ये अशा जोडीला 'खू जिन' म्हणतात, म्हणजे प्रेक्षकांनी मनोमन जुळवलेली जोडी. हे दोघे २०१६च्या 'किस' या मालिकेपासून एकत्र होते आणि २०१९च्या 'डार्क ब्लू किस'मध्ये तर मुख्य जोडी होते. म्हणजे थाई प्रेक्षक जेव्हा करणला आचीकडे चोरून बघताना पाहतो, तेव्हा हे दोघे जुळतील की नाही याची हुरहूर त्याला नसतेच. या वेळी कसे जुळतात, हे पाहायला तो बसलेला असतो. मालिकेच्या मागे चाहत्यांचे मेळावे असतात, जोडीने केलेल्या जाहिराती असतात, आणि थाई मालिकांमध्ये एखादे पात्र भर प्रसंगात थांबून एखाद्या खाऊच्या पाकिटाचे किंवा तोंड धुण्याच्या साबणाचे गुण गाते तेही याच व्यवहाराचा भाग असते. अशा जोडीचे चुंबन न दाखवणे, हाच तिथे फसवणुकीचा प्रकार ठरला असता. जपानमध्ये ते न दाखवणे हा एक पर्याय होता. थायलंडमध्ये तो पर्यायच नव्हता. याला धैर्य म्हणायचे असेल तर म्हणावे, मी त्याला बाजार म्हणते, आणि बाजार हा शब्द मी निंदेने वापरत नाही.

पडद्यावरच्या मोकळेपणावरून समाजाचा मोकळेपणा मोजण्याचा मोह लेखकाला शेवटच्या परिच्छेदात झाला आहे, त्याबद्दलही दोन शब्द. थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला, आणि जपानमध्ये देशपातळीवर असा कायदा आजही नाही, हे खरे आहे. पण पुरुषांच्या प्रेमाच्या मालिका थायलंडमध्ये २०१४पासून, म्हणजे कायद्याच्या दशकभर आधीपासून, घरोघर पाहिल्या जात होत्या. आणि ज्या जपानला लेखक मिटलेला म्हणतो, तिथे टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी २०१५मध्येच अशा जोडप्यांना सहजीवनाची नोंद द्यायला सुरुवात केली होती. जपानी 'चेरी मॅजिक'चा २०२२मध्ये चित्रपट आला, त्यात आदाची आणि कुरोसावा आपापल्या आई-वडिलांसमोर उभे राहतात, आणि कायद्याच्या लेखी ज्याला काही किंमत नाही असा विवाहसोहळा करतात. चुंबन दाखवण्यापेक्षा हा प्रसंग अधिक संकोचाचा आहे, असे मला कोणी पटवून देऊ शकेल असे वाटत नाही.

लेखात 'मूळ' हा शब्द बारा-तेरा वेळा तरी आला आहे. त्यानेच खरा घोळ घातला आहे. २०२०ची जपानी मालिका हीसुद्धा एका मांगाचे रूपांतर आहे आणि तिने मूळ कृतीत बदल करायला मागेपुढे पाहिलेले नाही. मांगातली फुजिसाकी ही ऑफिसातली सहकारी अशा पुरुषप्रेमकथांची छुपी चाहती आहे आणि आदाची-कुरोसावांकडे पाहून मनातल्या मनात खूश होत असते. मालिकेत ही फुजिसाकी बदलली. तिला प्रेमात पडण्याची इच्छाच होत नाही, आणि तसे असूनही ती सुखी आहे. आदाचीला हे तिच्या मनातून ऐकू येते. मालिकेची पटकथा लिहिणाऱ्या एरिका योशिदा यांनी पुढे २०२२मध्ये एनएचके वाहिनीसाठी प्रेम आणि शरीरसंबंध या दोन्हींची ओढ नसलेल्या दोन माणसांवर संपूर्ण मालिका लिहिली, तेव्हा फुजिसाकी कुठून आली असेल याचा उलगडा झाला. म्हणजे ज्या आवृत्तीला जपानी-थाई तुलनेत 'मूळ' म्हणायला हवे, तिचा सर्वांत सुंदर बदल हा मुळाशी केलेल्या बेइमानीतून आला आहे. मराठीत आपण भाषांतर आणि रूपांतर हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, तेव्हा निदान आपल्याला तरी यात अडखळायला होऊ नये.

आणि जरा मागे गेले तर मुळाचा माग आणखीच गुंतागुंतीचा होतो. थायलंडमध्ये या मालिकांना 'वाय' मालिका म्हणतात. हे वाय अक्षर आले जपानीतल्या 'याओइ' या शब्दावरून, आणि तो शब्द म्हणजे कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही अशा तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून जपानी हौशी चित्रकथाकारांनी स्वतःचीच केलेली चेष्टा. जपानी मांगा थायलंडमध्ये वाचल्या गेल्या, त्यांवर पोसलेल्या लेखिकांनी इंटरनेटवर थाई कादंबऱ्या लिहिल्या, कादंबऱ्यांवरून मालिका झाल्या, आणि २०२०मध्ये 'टुगेदर' ही थाई मालिका पाहून जपानी प्रेक्षक असे काही गुंतले की त्या वेडाला तिथे 'ताइ-नुमा', म्हणजे थाई दलदल, असे नावच पडले. आत गेलेला पाय बाहेर निघत नाही, या अर्थाने. तेव्हा 'लव्ह इन द एअर'ची जपानी आवृत्ती ही परक्याच्या घरून उसनी आणलेली वस्तू नाही. सासरी नांदून, तिथल्या चार गोष्टी शिकून माहेरी आलेल्या लेकीसारखी ती आहे. माहेरचे लोक तिला पाहून म्हणणारच की ही बदलली.

याच ओघात एक छोटी बाब, जी लेखात सुटली आणि मराठी वाचकाला खास आवडली असती. 'लव्ह इन द एअर'च्या थाई मालिकेत मोटारसायकलींच्या शर्यती, पाऊस, वास्तुकलेचा विद्यार्थी असे सगळे आहेच, पण चारही नायकांची नावे आकाशातून आलेली आहेत. फायु म्हणजे वादळ, आणि हा थाई शब्द आपल्या 'वायु'वरूनच गेलेला आहे. प्रफाय हे तर साक्षात वायुदेवाचे नाव. उरलेले दोघे रेन आणि स्काय, म्हणजे इंग्रजीतले पाऊस आणि आभाळ. एका मालिकेच्या नावांत संस्कृत आणि इंग्रजी अशी शेजारी शेजारी बसतात, यात आधुनिक थाई भाषेचे सगळे चित्र आले. जपानी आवृत्तीशी तुलना करायचीच तर ती इथून सुरू करता आली असती, कारण नावांतला हा खेळ जसाच्या तसा जपानीत नेता येत नाही आणि तिथे रूपांतरकाराला हात घालावाच लागतो.

भाषेचा मुद्दा मला अधिक टोचतो, त्याला कारण आहे. मी काही वर्षे जपानीतून दुभाषाचे काम केले आहे, आणि इंग्रजी सबटायटल्सवर विसंबून केलेल्या तुलनेत काय काय गळून जाते, ते रोज पाहिले आहे. 'चेरी मॅजिक'मध्ये आदाची आणि कुरोसावा एकाच वर्षी नोकरीला लागलेले, म्हणून एकमेकांना नुसत्या आडनावाने हाक मारतात. धाकटा सहकारी रोक्काकु मात्र त्यांच्याशी आदरार्थीच बोलतो. थाई मालिकांमध्ये वयाने मोठ्याला 'फी' म्हणायचे, आणि ज्या दिवशी कोणी ते म्हणायला लागते किंवा थांबते, त्या दिवशी नात्यात काहीतरी हलते. इंग्रजी सबटायटल्समध्ये या सगळ्याचे एकच 'यू' होते. 'अहो'चे 'अरे' कधी झाले, हे ज्या भाषेत घरातल्या कोणालाही विचारावे लागत नाही, त्या भाषेत लिहिणाऱ्या समीक्षकाने हे टिपायला हवे होते. चुंबन सगळ्यांना दिसते, ते दाखवून द्यायला समीक्षक लागत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि तीत क्रम स्पष्ट द्यावा: मांगा २०१८पासून, जपानी मालिका २०२०, जपानी चित्रपट २०२२, थाई मालिका डिसेंबर २०२३. लेखकाने या विषयावर पुढेही लिहावे, अशी मनापासून इच्छा आहे. लिहिताना त्यांनी थाई मालिकांची वाहिनीवर दाखवलेली आवृत्ती पाहिली की इंटरनेटवरची न कापलेली, हेही एका ओळीत सांगावे, कारण दोन्हींत फरक असतो आणि 'गाळले' हा शब्द पुन्हा वापरायची वेळ आलीच, तर तो कोणाला लागू आहे ते वाचकाला तपासता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक